सेतू बांधणारं ॲसिटेट

[दृश्य: बाटलीचं तोंड, अगदी जवळून]

टायटॅनियम आयसोप्रोपॉक्साइड या द्रवात पाणी घालून आपल्याला पारदर्शक जेल करायचंय. त्याच्या बाटलीच्या तोंडाशी हा पांढरा थर दिसतोय ना, तो हवेतल्या ओलाव्यामुळे. टायटॅनियमभोवती चार आयसोप्रोपॉक्सी गट असतात, पण त्याला जोड हवे असतात सहा. रिकाम्या जागी पाण्याचा रेणू थेट शिरतो. लहान इथॉक्सी गट असलेल्या टायटॅनियम इथॉक्साइडमध्ये शेजारचे टायटॅनियम ऑक्सिजन वाटून घेऊन ही कमतरता भरून काढतात; स्फटिकात चार टायटॅनियमचा समूह सापडतो. आयसोप्रोपिल गट मात्र थोराड असल्याने रेणू बहुतेक सुटेच राहतात, आणि पाणी पडलं की क्षणात साका, म्हणजे तळाशी बसणारा पांढरा गाळ.

म्हणून पाण्याआधीच ॲसेटिक आम्ल घालायचं.

[दृश्य: नायट्रोजनखाली फ्लास्क]

फ्लास्क 120 अंशांवर वाळवलेला हवा. थंडीत आयसोप्रोपॉक्साइड बाटलीतच गोठतं; झाकण न उघडता बाटली कोमट पाण्यात धरा. 10 मिली म्हणजे 9.6 ग्रॅम, सुमारे 34 मिलिमोल. त्याला ग्लेशियल (जवळजवळ पाणी नसलेलं) ॲसेटिक आम्ल 1.9 मिली, म्हणजे मोलमध्ये एकास एक. थेंब थेंब, ढवळत. फ्लास्क हाताला गरम लागेल. एकदम ओतलं, तर आम्ल पडतं तिथे जास्त होतं आणि बाकी मिश्रणाला ते मिळतच नाही.

एक आयसोप्रोपॉक्सी गट अल्कोहोल होऊन बाहेर पडतो. त्याच्या जागी आलेल्या ॲसिटेटचे दोन ऑक्सिजन दोन वेगवेगळ्या टायटॅनियमला धरतात. हाच सेतू. पुढे पाणी घातलं की आधी उरलेले आयसोप्रोपॉक्सी गट सुटतात, ॲसिटेट बराच वेळ टिकतं. त्यामुळे साक्याऐवजी पारदर्शक जेल मिळतं.

ॲसेटिलॲसिटोन वेगळं वागतं. त्याचे दोन्ही ऑक्सिजन खेकड्याच्या नांग्यांसारखे एकाच टायटॅनियमला पकडतात. द्रावण पिवळं होतं, सेतू बनत नाही. दोन्हींना सरसकट ‘स्थिर करणारं रसायन’ म्हणणं आम्हाला पटत नाही.

आम्ल जास्त झालं की गोष्ट बदलते. सुटलेलं अल्कोहोल आणि उरलेलं आम्ल मिळून एस्टर बनतो, सोबत पाणीही. हे पाणी द्रावणात सगळीकडे, हळूहळू तयार होतं आणि ऑक्सिजनचे पूल बांधतं. टायटॅनियम ब्यूटॉक्साइडपासून असाच सहा टायटॅनियमचा समूह स्फटिकरूपात मिळालाय: चार ऑक्सो (म्हणजे पूल बांधणारे ऑक्सिजन), आठ ब्यूटॉक्सी, आठ ॲसिटेट, आणि आठही ॲसिटेट सेतू.

द्रावक आयसोप्रोपॅनॉलच ठेवा. सवयीने इथेनॉल घातलं तर गटांची अदलाबदल होते, आणि तुम्ही मोजून घेतलेलं संयुग फ्लास्कमध्ये राहतच नाही.

[दृश्य: अवरक्त वर्णपट]

वर्णपटात 1580 आणि 1450 प्रति सेंटीमीटरच्या आसपासची ही शिखरांची जोडी पाहा. अंतर साधारण 130: सेतू ॲसिटेटची खूण. 1710 जवळ शिखर म्हणजे मोकळं आम्ल उरलंय. 1740 जवळ दिसलं तर एस्टर, म्हणजे आत पाणी तयार झालंय. बाहेरून घालायचं पाणी तेवढं कमी करा.