सोनकीच्या वाटेनं रतनगड

(पहाट. भातखाचरांवर धुकं. बेडकांचा आवाज तसाच राहू द्यावा.)

रतनवाडी, तालुका अकोले. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. भात पोटरीला आलंय, पाऊस अजून पुरता गेलेला नाही, आणि समोर कमरेपासून वर ढगात गेलेला डोंगर म्हणजे रतनगड. उंची सुमारे १२९७ मीटर. बहुतेक जण इथं किल्ला बघायला येतात. आम्ही त्याच्या अंगावर काय उगवतं ते बघायला आलोय.

(अमृतेश्वर मंदिर, ओला दगड, पुष्करणी.)

वाटेत हे अमृतेश्वराचं देऊळ. यावर वेगळी फिल्म करायला हवी. आज फक्त नमस्कार.

(बांधावरचा तेरडा. कॅमेरा जमिनीलगत.)

गावाबाहेर पडलं की बांधावर तेरडा लागतो. गुलाबी, जांभळट, मधेच एखादा पांढरा. तेरड्याचा रंग तीन दिवस, असं आपण सहज बोलून जातो आणि पुढं निघतो. थोडं थांबून बघू. फुलाच्या मागं वाकडी, पोकळ शेपटी दिसतेय? तिच्या टोकाशी मध असतो. तो प्यायचा तर माशीला फुलात घुसावं लागतं आणि घुसताना तिची पाठ वरच्या पांढुरक्या टोपीला घासते. ती टोपी पुंकेसरांची. पराग त्यातच.

आता शेजारचं फूल. हे दोन-एक दिवस जुनं आहे आणि याची टोपी गळून पडलीय. टोपीखाली आतापर्यंत झाकलेला स्त्रीकेसर उघडा पडलाय. म्हणजे फूल तेच, पण आधी नर होतं, आता मादी आहे. दुसऱ्या फुलावरून पराग माखून आलेली माशी याच जागी पाठ घासणार. तीन दिवसांत एवढं सगळं उरकायचं असतं, रंग टिकवत बसायला वेळ कुणाला आहे!

(मामांचा हात. फळ. स्लो मोशन.)

आमच्या सोबतचे मामा याच गावचे. त्यांनी एक फुगलेलं, लवदार फळ चिमटीत धरलं. फट्! सालीचे पाचही तुकडे क्षणात आत वळले आणि बिया उडाल्या. मामा म्हणाले, लहानपणी शाळेत जाताना हाच उद्योग. शाळा राहिली बाजूला.

(ओढा ओलांडताना. पाण्याचा आवाज.)

ही प्रवरा. पुढं भंडारदऱ्याला अडवली जाते, आणखी पुढं उसाचा मुलूख भिजवते. इथं मात्र ती एवढीच आहे. बूट काढायचे की उडी मारायची, यावरून आमच्यात पाच मिनिटं वाद झाला. आणि ती एकदाच लागत नाही, वाट पुन्हापुन्हा तिच्यात उतरते.

(जंगल. अंधूक हिरवा उजेड.)

मग रान दाट होतं. दोन्ही बाजूंनी कारवी. सरळ काठ्या, खरबरीत पानं. ही साधारण सात-आठ वर्षं नुसती वाढते, मग सगळी मिळून एकाच पावसाळ्यात जांभळी होते, बी धरते आणि मरते. यंदा तिचं वर्ष नाही, त्यामुळे दाखवायला आमच्याकडे फक्त पानं आहेत. पण गावात शिरताना तुम्ही ती पाहिलीत. मामांच्या गोठ्याचा तो शेणानं सारवलेला कुड कारवीचाच.

(पहिली शिडी. मग शिडीशेजारचा पाझरणारा कडा.)

शिडी आली की सगळ्यांच्या नजरा वर जातात. हात गजावर, लक्ष पायाकडे. शिडीशेजारी दगड पाझरतोय आणि त्यावर बोटभर जाडीची शेवाळमाती आहे. हा दगड म्हणजे बसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्याच्यावर माती साठायची तर कपारी हवी, आधी शेवाळ हवं, मग त्यात अडकलेली धूळ. जी काही साठते तिच्यातला कस दरवर्षीचा धुवांधार पाऊस धुऊन नेतो. नत्र जवळपास नाहीच.

अशा जागी ही निळी-जांभळी टिकली उगवते. सीतेची आसवं. देठ सुईएवढा. फूल तुमच्या करंगळीच्या नखात मावेल. नाव ऐकून हळवं व्हायला होतं, पण ओल्या शेवाळाखाली हिचा कारभार निराळाच आहे. तिथं तिच्या अंगाला बारीक बारीक पिशव्या असतात. पिशवी आतलं पाणी बाहेर टाकते, भिंती आत खेचल्या जातात, दार गच्च. दारापाशी एखादा पाण्यातला सूक्ष्म जीव धडपडला, की दार उघडतं आणि पाण्याबरोबर तो आत ओढला जातो. सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढ्या वेळात. मातीत नत्र नाही, तर शिकारीतून घ्यायचं. आमच्या कॅमेऱ्यात एवढा वेग पकडायची ताकद नाही, म्हणून तुम्ही आता फक्त फूल बघा.

(वाऱ्यात हलणारी पांढरी बटणं.)

तिच्या शेजारचे हे पांढरे गोंडे म्हणजे गेंद. आणि हे पिवळं, दोन लाल ठिपक्यांचं? शहरातल्या पोरांनी त्याचं नाव मिकी माऊस ठेवलंय. अगदीच चुकीचं नाही, कान दिसतात खरे. मामांच्या लेखी हा कवळा. या कवळ्यांतल्या एकाची कोवळी पानं पावसाच्या सुरुवातीला घरोघर भाजीत जातात. फुलं येईपर्यंत तो जून झालेला असतो, आणि आपण नेमके तेव्हा येतो.

(गणेश दरवाजा. अंधारातून उजेडात. इथं निवेदन थांबावं. पंधरा सेकंद फक्त वारा आणि पिवळा उतार.)

सोनकी.

(उतार. मागं अलंग, मदन, कुलंग. ढग सरकतोय, कळसूबाई क्षणभर दिसते.)

कड्याच्या काठापासून तटाच्या तुटक्या दगडापर्यंत. गुडघ्याएवढं रोप, कधी त्याहून बुटकं. ही सूर्यफुलाच्या कुळातली, आणि या कुळाची गंमत अशी की ज्याला आपण फूल म्हणतो ते फूल नसतंच. बसा. खरंच, खाली बसून बघा.

(एकच फूल, पूर्ण पडदाभर.)

बाहेरची प्रत्येक पिवळी पाकळी हे एक स्वतंत्र फूल. फक्त मादी. तिचं काम माशीला लांबून बोलावणं आणि बी धरणं. मधल्या चकतीत दाटीवाटीनं उभ्या आहेत त्या बारीक नळ्या, त्यातली प्रत्येक नळीही पूर्ण फूल. त्या सगळ्या एकदम उमलत नाहीत. कडेच्या आधी, मधल्या शेवटी. म्हणून एकाच फुलात बाहेर म्हातारपण, मधे कळ्या. नळीच्या आत पुंकेसरांची आणखी एक नळी असते आणि पराग तिच्यात सांडतात. मग आतून स्त्रीकेसर दट्ट्यासारखा वर चढतो आणि सगळा पराग तोंडाशी ढकलून आणतो. सायकलच्या पंपाचा दांडा आठवा. पराग माशीच्या पायांना लागून गेला की त्याच दट्ट्याचं टोक दुभंगतं, दोन टोकं मागं वळतात, आणि आता ते दुसऱ्याचा पराग घ्यायला मोकळं.

हा शॉट घ्यायला आम्हाला दोन तास लागले. वारा थांबेना. मामा छत्री धरून बसले होते.

(माश्या, फुलमाश्या, एक फुलपाखरू. मामा काठीनं दाखवताहेत.)

मामांना विचारलं, एवढी सोनकी इथंच का? ते म्हणाले, "गुरं तोंड लावीत नाहीत तिला. बाकीचं खात्यात, ही ऱ्हाती." यात तथ्य असावं. सेनेसिओ, म्हणजे सोनकी ज्या वंशातली, त्यातल्या अनेक वनस्पतींत यकृताला घातक द्रव्यं असतात, आणि जनावराला ते आपल्याआधी कळतं.

(नेढं. आरपार वारा. माणसांच्या आकृत्या.)

दुपारी नेढ्यात पोचलो. डोंगराला पडलेलं हे आरपार भोक. यात बसलं की एका कानाला ऊन, दुसऱ्याला ढग. रविवार होता, नंबर लावून बसावं लागलं.

(उतारावरची काळी पट्टी. मागच्या वर्षीचा शॉट, लगेच यंदाचा.)

वाटेच्या कडेला ही जी हातभर काळी, उघडी पट्टी आहे तिथं आमच्या मागच्या वर्षीच्या फुटेजमध्ये सोनकी आहे. फोटोसाठी माणसं आत जाऊन बसली, रोपं गेली, मग पावसानं मातीही नेली. आमच्या ट्रायपॉडचा एक पायही आतच होता, तोही या शॉटमध्ये दिसतोय. काढायचा राहिला नाही, मुद्दाम ठेवलाय.

(त्र्यंबक दरवाज्याकडे. कातळात कोरलेल्या पायऱ्या, खाली साम्रद.)

ही वाट साम्रदकडे उतरते. आम्ही आल्या वाटेनं परत फिरलो. ऊन तिरपं झालं की सोनकीचा रंग बदलतो, सकाळी लिंबाच्या सालीसारखी होती, आता हळदीसारखी. याबद्दल काही बोलत नाही. बघा.

(चाळीस सेकंद निवेदन नाही.)

(संध्याकाळ. मामांचं घर. चुलीचा धूर, पितळी पेले.)

मामींनी कोरा चहा ठेवलाय. ओट्याच्या कडेला, कारवीच्या कुडात खोचलेली ही वाळकी जुडी दिसतेय? तेरडाच आहे. गौरी आली तेव्हा मुळासकट आणला होता, तीन दिवस पुजला. विसर्जनाच्या वेळी एवढा एक कुडातच राहून गेला, मामी म्हणाल्या. तेव्हा त्याला फळं होती. ती खोचल्या जागीच फुटली असणार, कारण ओट्याखाली, जिथं पागोळ्या पडतात तिथं, बोटभर उंचीची चार रोपं आलीयत.

(रोपं. वरून थेंब.)