माडांच्या बागेतून मांगरापर्यंत वायफाय: पावसाळ्यात टिकणारी पद्धत

(कॅमेरा ओटीवर. मागे बाग, टोकाला मांगराचं छप्पर.)

नमस्कार मंडळी. घरात फायबरचं कनेक्शन आहे, ओटीवर नेट छान चालतं, पण बागेच्या टोकाला मांगरात, म्हणजे बागेतल्या कामाच्या खोलीत, गेलं की फोनवर एकच दांडी. आमच्या वेंगुर्ल्याच्या बाजूला हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. कुणाला आंब्याच्या पेट्या भरता भरता ऑर्डरी बघायच्या असतात. कुणी बागेतली खोली पर्यटकांना देतं. कुणाच्या मुलीला पुण्याच्या कंपनीचं काम घरच्या गडबडीपासून लांब बसून करायचं असतं.

माझं मत आधीच सांगते. मधे झाडं आणि चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंती असतील, तर हवेतून सिग्नल ओढत बसू नका. पाइपातून ऑप्टिकल फायबर न्या. आता का, ते बघू.

आधी मोजायचं. फोनवर वायफाय अॅनालायझर नावाची फुकट अॅप मिळतात. त्यात सिग्नलच्या ताकदीचा आकडा डीबीएम या एककात दिसतो, आणि तो उणे असतो. उणे ५० म्हणजे उत्तम. उणे ६५ ते ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो. उणे ८० च्या आसपास मेसेजसुद्धा अडकतात. दर १० आकड्यांना ताकद दहापट घटते, त्यामुळे ६५ आणि ७५ मधला फरक मोठा आहे.

आणि मे महिन्यात मोजून निर्णय घेऊ नका. चिरा पाणी धरतो. पानं ओली होतात, मधल्या केळी वाढतात, आणि पाणी हे वायफायच्या लहरी शोषून घेतं. उन्हाळ्यात जेमतेम चालणारं नेट श्रावणात बंद पडतं, ते यामुळे. मांगरावर पत्रे असतील तर वरच्या बाजूने येणाऱ्या लहरी पत्राच परत फिरवतो. राउटरवरची ५ गिगाहर्ट्झची लाइन वेगवान असते, पण भिंतीपुढे लवकर दमते. २.४ ची लांब जाते, वेग मात्र कमी.

रिपीटर घ्यावा का? माझ्या मते नाही. साधा रिपीटर ज्या रेडिओवर ऐकतो त्याच रेडिओवर पुढे पाठवतो, म्हणून वेग साधारण निम्मा होतो. त्यात लोक तो मांगरातच लावतात, जिथे मुळात सिग्नल पोचलेला नसतो. मग तो काय पुढे पाठवणार?

दोन टोकांना दोन अँटेना लावून केलेला वायरलेस ब्रिज हा चांगला मार्ग आहे, पण एका अटीवर: या अँटेनातून ती अँटेना डोळ्यांनी दिसली पाहिजे. मधे मळा असेल, खाडीचा काठ असेल, कातळाचा मोकळा सडा असेल, तर जरूर करा. आपल्याकडे त्या ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी घरगुती वापराला वेगळा परवाना लागत नाही, २०१८ मध्ये तो मोठ्या प्रमाणात खुला झाला. माडा-पोफळींच्या बागेतून मात्र तो मार्ग सोडा.

(हातात काळी नेटवर्क केबल.)

मग साधी तांब्याची केबल का नको? अंतराची अडचण नाही, ही कॅट सिक्स जातीची केबल १०० मीटरपर्यंत चालते. अडचण आहे विजेची, आकाशातल्या. पावसाच्या तोंडावर, मे-जूनमध्ये, आणि परतीच्या पावसात ऑक्टोबरला आपल्याकडे काय गडगडाट होतो ते तुम्हाला ठाऊक आहे. वीज घरावरच पडायला हवी असं नाही. जवळच्या माडावर पडली तरी जमिनीतला विद्युतदाब जागोजागी वेगळा होतो. घराचं अर्थिंग एकीकडे, मांगराचं दुसरीकडे, आणि दोघांना जोडणारी तांब्याची तार. तो फरक त्या तारेतून धावतो आणि दोन्ही टोकांचे पोर्ट जळतात. फायबरमध्ये काच आहे, आणि काचेतून वीज वाहत नाही. एवढ्या एका कारणासाठी मी फायबर म्हणते.

सामान फार नाही. एक ड्रॉप केबल, हीच केबल तुमच्या घरी कनेक्शन देताना आणलेली असते. ती दोन्ही टोकांना कनेक्टर लावून तयार मिळते. अंतर मोजा आणि थोडी जास्तच लांबी घ्या. आतले आधाराचे धागे स्टीलचे नकोत, फायबरग्लासचे मागा. नाहीतर तांबं टाळून आपण धातूच ओढत नेला, असं होईल. आणि दोन मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे नेटवर्क केबलचा सिग्नल प्रकाशात आणि प्रकाशाचा परत सिग्नलमध्ये बदलणारे डबे: एक घरच्या राउटरपाशी, एक मांगरात. सिंगल मोडचे, म्हणजे या फायबरला जुळणारे, आणि दोन्ही गिगाबिटचे. एका फायबरवर चालणारी जोडी घेतलीत तर एकावर ए आणि दुसऱ्यावर बी लिहिलेलं असतं. दोन ए आणलेत तर जोडणी झाल्याचा दिवा लागणारच नाही.

अजून एक, हे दुकानदार सांगत नाहीत. कनेक्टरच्या टोकाचा रंग बघा. घरातल्या इंटरनेटच्या डब्यात बहुतेक वेळा हिरवा असतो, त्याचं टोक तिरकं घासलेलं असतं. मीडिया कन्व्हर्टरला सहसा निळा लागतो. हिरवा निळ्यात शिरतो, पण प्रकाश नीट जात नाही. आणि चालू फायबरच्या टोकात डोळा घालून बघायचं नाही. तो प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. मुलं आसपास असतील तर टोपी लावूनच ठेवा.

आता पाइप. बागेला पाणी द्यायला आणतो तोच काळा एक इंची पाइप चालेल. आधी त्यातून सुतळी ओढून घ्या, मग सुतळीला केबल बांधा. माती असेल तिथे हातभर खोल पुरा. कातळ असेल तर खोदत बसू नका, गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, कडेने न्या आणि वर दगड ठेवा. माडाला बांधून हवेतून नेऊ नका. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला आलं तेव्हा माडा-पोफळींच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या. वादळ नसलं तरी एक झावळ पडायला वेळ लागत नाही. पाइपाची दोन्ही तोंडं एमसीलने बंद करा, नाहीतर मुंग्या आणि उंदीर आत घर करतात. भिंतीतलं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं घ्या. केबल भोकाच्या खाली झोळ देऊन मग वर चढवा, म्हणजे पाणी त्या झोळावरून खाली ठिबकेल. केबल काटकोनात मोडू नका, आतली काच तुटते.

मांगरातल्या टोकाला जुना राउटर चालेल. त्याची सेटिंग उघडा, अॅक्सेस पॉइंट मोड निवडा, म्हणजे तो फक्त वायफाय पुरवेल. तो मोड नसेल तर डीएचसीपी, म्हणजे फोन-लॅपटॉपना पत्ते वाटण्याचं काम, बंद करा, त्याचा पत्ता घरच्या राउटरपेक्षा वेगळा द्या आणि कन्व्हर्टरकडून येणारी नेटवर्क केबल लॅन लिहिलेल्या पोर्टला लावा. नाव आणि पासवर्ड घरचाच ठेवा, म्हणजे बागेतून चालत गेलात तरी फोन आपोआप बदली करतो. २.४ वर घरी चॅनेल १ असेल तर तिकडे ६ किंवा ११ द्या.

मांगराची लाईट घरातूनच गेली असेल, तर विजेचा झटका त्या वायरीतून अजूनही येऊ शकतो. कडकडाट सुरू झाला की दोन्हीकडचे अॅडॉप्टर काढा. खाऱ्या हवेत पिना हिरव्या पडतात, म्हणून सगळी यंत्रं झाकणाच्या डब्यात, भिंतीपासून थोडी सुटी ठेवा.

आणि लाईट गेल्यावरही नेट हवं असेल तर घरचा राउटर, दोन्ही कन्व्हर्टर आणि मांगरातला राउटर, चौघांनाही बॅकअप लागेल. राउटरसाठी छोटे यूपीएस मिळतात. घेण्याआधी प्रत्येक अॅडॉप्टरवरचा व्होल्ट आणि अँपिअरचा आकडा कागदावर उतरवून न्या. बरेच राउटर १२ व्होल्टचे असतात, बरेच कन्व्हर्टर ५ चे. ५ व्होल्टच्या यंत्राला १२ दिलेत तर ते तिथेच जळेल.