डाव्या बाहीचं बटण

सोमवार, सकाळचे साडेनऊ. नवी मुंबईतल्या एका रुग्णालयाची न्यूरोलॉजी ओपीडी. केसपेपरचा गठ्ठा आत्ताच चार बोटं उंच झालाय. बाकावर एक गृहस्थ बसलेत, पाठ भिंतीला न टेकवता. बूट चकचकीत, मिशी कातरलेली. फक्त डाव्या बाहीचं बटण उघडं आहे.

सुभेदार म्हणून निवृत्त. गाव सातारा जिल्ह्यात. भाऊ माथाडी, म्हणून घर कोपरखैरण्यात. पलटणीतून सुटल्यावर ठाणे–बेलापूर रस्त्यावरच्या एका कंपनीत सिक्युरिटीची नोकरी केली, तीही आता संपली.

मेडिसिनची दुसऱ्या वर्षाची निवासी डॉक्टर सध्या न्यूरोलॉजीत पोस्टिंगवर आहे. ती विचारते, "काका, काय त्रास होतो?"

"काही नाही, मॅडम. पोरगा म्हणाला, म्हणून आलो."

ती लिहिते : विशेष तक्रार नाही. तिला शिकवणारे न्यूरोलॉजीचे सर मागून वाचतात आणि त्या ओळीवर काट मारतात. "फौजी माणूस तक्रार करत नाही. त्यांचं बटण बघितलंस का? डाव्या बाहीचं बटण कुठल्या हातानं लावतात?"

उजव्या.

मग सगळे कॉरिडॉरमध्ये येतात. सर खणखणीत आवाजात म्हणतात, "सुभेदारसाहेब, तेज चल!" सुभेदारसाहेब चालू लागतात, दोन्ही हात खांद्यापर्यंत. ओपीडीतली गर्दी आपोआप बाजूला होते. डॉक्टर गोंधळते : "सर, हात तर छान हलतोय."

"आता त्यांच्याशी गप्पा मारत चाल."

ती विचारते, गावाला कोण असतं, यंदा पाऊस कसा झाला. सुभेदारसाहेब सोयाबीनबद्दल सांगत चालतात. डावा हात मागेपुढे होतोय, उजवा मांडीला चिकटून राहिलाय. अंगठा तर्जनीवर हळूहळू घासतोय, गोळी वळावी तसा.

पार्किन्सन्समध्ये मेंदूतली डोपामिन तयार करणारी पेशींची यंत्रणा ढासळते, आणि आपण लक्ष न देता करतो त्या हालचाली आधी मंदावतात. चालताना हात हलणं ही त्यातलीच एक. पण बाहेरून हुकूम आला, ताल मिळाला, की मेंदू दुसरी वाट वापरतो. वर्षानुवर्षांच्या परेडनं ही वाट या माणसाच्या अंगात पक्की बसवलीय. तपासणीत हुकूम दिलात तर आजार लपतो. फिजिओथेरपीत मात्र हाच ताल पुढे उपयोगी पडणार आहे. पुस्तकात हे सगळं असतं. पण कॉरिडॉरमध्ये एकदा पाहिलं की विसरायला होत नाही.

माजी सैनिकांच्या केसपेपरवर इथे आणखी काही प्रश्न येतात. कुठली पलटण? काम काय होतं? पोस्टिंग कुठे? तोफखान्यातल्या एका आजोबांना 'विसरायला होतं' म्हणून आणलं होतं. ते विसरत नव्हते, त्यांना प्रश्नच ऐकू येत नव्हते. सैन्याच्या वैद्यकीय श्रेणीत 'शेप' हा शब्द असतो. त्यातला 'एच' म्हणजे हिअरिंग, श्रवण. तेव्हापासून स्मरणशक्तीची चाचणी घेण्याआधी निवासी डॉक्टर जुनी कागदपत्रं मागतात आणि चांगल्या कानाच्या बाजूला खुर्ची ओढतात.

सियाचिनला राहून आलेल्याला विचारायचं : तिथे डोकं फार दुखून दवाखान्यात ठेवलं होतं का? अतिउंचीवर रक्त दाट होतं, मेंदूच्या शिरेत गुठळी होऊ शकते. हिमदंशाची बधिरताही वर्षानुवर्षं टिकते. पण प्रत्येक बधिर पाऊल बर्फाच्या खात्यावर टाकायचं नाही, हेही सर बजावतात. मधुमेह असतो, बी-12 कमी असतं, आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षं घेतली तर तेही बी-12 घटवतं. 128 हर्ट्‌झचा ट्यूनिंग फोर्क, म्हणजे थरथरणारा धातूचा चिमटा, घोट्यावर टेकवायचा आणि गप्प राहायचं. थरथर थांबली की पेशंटनं सांगायचं, आपण सुचवायचं नाही.

कागदोपत्री कामही शिकावं लागतं. 2003 साली सुरू झालेल्या ईसीएचएसमध्ये, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत, सहसा तिच्या पॉलिक्लिनिकचं रेफरल लागतं. औषधाचं नाव गिचमिड लिहिलं तर म्हाताऱ्या माणसाला एक हेलपाटा जास्त पडतो. पार्किन्सन्सचं औषध लेव्होडोपा जेवणाच्या अर्धा तास आधी, रोज ठरल्या वेळी. या एका बाबतीत फौजी पेशंट डॉक्टरांचे लाडके : सहा म्हणजे सहा.

सुभेदारसाहेब पुन्हा खुर्चीत बसतात. डॉक्टर नवा केसपेपर घेते. या वेळी ती त्रास विचारत नाही.

"काका, आधी करायचात आणि आता सोडलंय, असं काय आहे?"

ते बराच वेळ बाहीकडे बघतात. "बटणं मंडळी लावून देतात. सध्या त्या गावाला गेल्यात." थोडं थांबून म्हणतात, "आणि यंदा 26 जानेवारीला सोसायटीच्या झेंडावंदनाला खाली उतरलो नाही."

"का?"

ते उजवा हात कपाळाकडे नेतात. हात हळूहळू वर येतो, अर्ध्यावर अडतो. बोटं जुळत नाहीत.

ती ते त्यांच्याच शब्दांत केसपेपरवर लिहून घेते.