सिग्नलची तिथी
(रत्नागिरीत अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

फेज शिफ्ट कीइंगचं (पीएसके, म्हणजे लहरीची फेज, तिच्या चक्रातली जागा, बदलून बिट पाठवण्याचं) मॉड्युलेशन शिकायला एक दुपार पुरते. त्यातल्या बीपीएसके या दोन फेजच्या प्रकारात बिट 0 असेल तर वाहक लहर आहे तशी सोडायची, 1 असेल तर 180 अंशांनी उलटवायची. म्हणजे +1 किंवा −1 ने गुणायचं, झालं. जीएनयू रेडिओ या सॉफ्टवेअरमध्ये चार-पाच ब्लॉक जोडले की कॉन्स्टलेशनवर, म्हणजे फेज ठिपक्यांनी दाखवणाऱ्या आलेखावर, दोन ठिपके उमटतात, आपण स्क्रीनशॉट काढतो आणि पीएसके आलं असं धरून चालतो. पण त्या आकृतीत पाठवणारा आणि घेणारा एकाच घड्याळावर चालतात. हवेतून सिग्नल घेताना असं सुख मिळत नाही.

म्हणून मधे हवेतल्या प्रवासाची नक्कल करणारा चॅनल मॉडेलचा ब्लॉक टाका आणि फ्रिक्वेन्सी थोडीशी सरकवा. ठिपके फिरायला लागतात, त्यांचं कडं होतं. आरटीएल-एसडीआर डोंगलमध्ये, म्हणजे संगणकाला लावायच्या छोट्या रेडिओ रिसीव्हरमध्ये, हेच घडतं. त्यातली चिप मुळात टीव्ही बघण्यासाठी बनवलेली. स्वस्त डोंगलच्या क्रिस्टलची चूक 20 पीपीएम (दहा लाखांत 20) धरली, तर 100 मेगाहर्ट्झला 2000 हर्ट्झ होतात. म्हणजे फेज सेकंदाला 2000 फेरे मारते, आणि आपण त्यातून 0 की 180 हे वाचू पाहतोय.

तुम्ही किनाऱ्यावरची मुलं आहात, तुम्हाला हे नवीन नाही. रोज सकाळी सहाला जेटीवर जाऊन पाणी बघा. आज भरती, तर आठवड्याने त्याच वेळी सुकती. समुद्र काही चुकत नाही; भरती रोज सुमारे 50 मिनिटं उशिरा येते आणि आपलं घड्याळ सूर्याचं आहे. होडीवाला म्हणून घड्याळापेक्षा तिथी बघतो. रिसीव्हरलाही सिग्नलची तिथी सिग्नलमधूनच काढावी लागते.

ती काढायची कशी? बीपीएसकेत वाहक स्वतः शिल्लकच नसतो, +1 आणि −1 मध्ये तो पुसला जातो. जॉन कॉस्टस या जनरल इलेक्ट्रिकच्या अभियंत्याने 1956 मध्ये प्रसिद्ध केलेली युक्ती मला आजही देखणी वाटते. आलेली लहर रिसीव्हरच्या स्वतःच्या लहरीशी आणि तिच्या 90 अंश सरकवलेल्या प्रतीशी गुणली की आय आणि क्यू या दोन शाखा मिळतात; त्यांचा गुणाकार करा. बिट उलटला की दोन्ही शाखांची चिन्हं एकदम उलटतात, आणि गुणाकारात डेटा नाहीसा होतो. उरतो तो फक्त फेजच्या चुकीच्या दुपटीचा साइन. आपली लहर सरकवून तो शून्याकडे ढकलत राहा (सतत दुरुस्तीचं हे चक्र म्हणजे लूप), कड्याचे परत दोन ठिपके होतात. लूप बँडविड्थ, म्हणजे लूप किती झटकन दुरुस्ती करतो याचं माप, बहुतेक जण 0.0628 ठेवतात, तुम्ही ती दसपट करून नॉइज वाढवा, मग एक दशांश करून बघा किती वेळाने पकड बसते. पुस्तकाच्या दहा पानांपेक्षा यात जास्त कळतं.

आता मेख. दुपटीचा साइन 0 ला शून्य होतो, तसा 180 लाही होतो. लूप उलटा बसला तर सगळे बिट उलटे, आणि ठिपके मात्र सुरेख! डेटा पुसण्याची जी हुशारी, तिचीच ही किंमत आहे. एफएमवर स्टेशनचं नाव दाखवणाऱ्या आरडीएसने यातून पळवाट काढली आहे: बिट म्हणजे फेज नव्हे, आधीच्या बिटपासून झालेला बदल. सगळंच उलटलं तरी बदल तोच राहतो. शिकायला आरडीएस उत्तम, कारण 57 किलोहर्ट्झचा उपवाहक (ज्यावर हा डेटा बसतो) 19 किलोहर्ट्झच्या पायलटच्या (स्टिरिओसाठी सोबत येणाऱ्या खुणेच्या सुराच्या) बरोबर तिप्पट आणि 57 हजाराला 48 ने भागलं की बिटदर, 1187.5.

(प्रक्षेपण करून बघायची घाई असते, ठाऊक आहे. हवेत सोडायला परवाना लागतो. तोवर केबल आणि मधे सिग्नल क्षीण करणारा अटेन्युएटर.)

ते जमलं की 137 मेगाहर्ट्झवर रशियाचे मेटिऑर हे हवामान उपग्रह घ्या. अँटेनाला सुमारे 53 सेंटिमीटरचे दोन दांडे, 120 अंशांच्या कोनात. जोड मात्र खाऱ्या हवेपासून नीट झाका. तिथे चार फेज आहेत, म्हणजे लूप चार तऱ्हांनी बसू शकतो. शिवाय डॉप्लरमुळे, म्हणजे उपग्रह जवळ येतो आणि लांब जातो त्यामुळे, वारंवारता सुमारे तीन किलोहर्ट्झ वर-खाली सरकते. डीकोडर ठरावीक 32 बिटांची खूण शोधतो, आणि ती ज्या कोनात सापडेल तो कोन खरा मानून चित्राच्या ओळी काढायला लागतो.