‘झालं’ म्हणजे नक्की काय झालं?

[टेबलावर धातूची छोटी पेटी, तिच्यातून निघालेलं वायरींचं जाडजूड भेंडोळं. गाडी कुठेही नाही.]

या पेटीच्या लेखी गाडी ताशी 80 किलोमीटरने धावते आहे. पेटी म्हणजे ब्रेकचा ईसीयू, ब्रेक सांभाळणारा छोटा संगणक. शेजारचा सिम्युलेटर तिला चारही चाकांच्या वेगाचे बनावट सिग्नल पुरवतो आहे. आता पुढच्या डाव्या चाकाचा सिग्नल तोडायचा. टक्! रिले उघडला. ईसीयूने हे ओळखायला हवं, एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, थांबवायला हवी, डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लावायला हवा. आणि साधा ब्रेक मात्र दाबला की लागलाच पाहिजे.

याला म्हणतात हिल बेंच (हिल म्हणजे ‘हार्डवेअर-इन-द-लूप’: पेटी खरी, गाडी बनावट). हिंजवडी असो की जर्मनीतलं स्टुटगार्ट, गाड्यांचं सॉफ्टवेअर लिहिणारे या बेंचवर रात्र-रात्र चाचण्या लावून ठेवतात.

आता प्रश्न असा, की या चाचण्या ॲजाइलमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर छोट्या-छोट्या टप्प्यांत घडवण्याच्या पद्धतीत, कशा बसवायच्या? या पद्धतीचा जाहीरनामा लिहिला गेला 2001च्या फेब्रुवारीत, अमेरिकेतल्या युटा राज्यात. लिहिणारे 17 जण सॉफ्टवेअरवाले. थोडं करा, दाखवा, सुधारा, पुन्हा करा. पण तिची मुळं शोधत गेलं की गाडीच भेटते. ‘स्क्रम’ हा ॲजाइलचाच एक प्रकार. 1986 साली ताकेउची आणि नोनाका या जपानी अभ्यासकांनी ज्या लेखात रग्बीतला हा शब्द आणला, त्यात होंडा सिटी घडवणाऱ्या तरुण चमूची गोष्ट आहे. म्हणून ‘हे आपल्या धंद्यातलं नाही’ असं कुणी वाहन अभियंता म्हणाला, की वाईट वाटतं.

त्याची धास्ती मात्र खरी आहे. वेबसाइटवरची चूक उद्या दुरुस्त करता येते. खंबाटकी घाट उतरणाऱ्या गाडीचा ब्रेक आत्ता, या वळणावर लागायला हवा. म्हणूनच 2011 साली आयएसओ 26262 हे गाड्यांतल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणांच्या सुरक्षेचं मानक आलं. 2018च्या आवृत्तीने ॲजाइलला वाटही दिली, पण अट घालून: सुरक्षेचं एकही काम, एकही आवश्यक कागद गाळायचा नाही.

[सकाळची उभी बैठक. भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या.]

“सेन्सरचं झालं का रे?”
“झालं.”

या ‘झालं’वरच सगळं अडतं. कोड लिहून झाला? की दुसऱ्याने तो ओळ न् ओळ तपासला, मूळ अपेक्षेशी त्याचा धागा जोडला, बेंचवर वायर तोडून पाहिली आणि निकाल नोंदवून ठेवला? पूर्वी यातलं बरंचसं शेवटच्या काही महिन्यांवर ढकललं जायचं. गाडीच्या मापाने ॲजाइल बेतायचं, तर हे सगळं स्प्रिंटमध्येच, म्हणजे कामाच्या दोन आठवड्यांच्या एकेका टप्प्यातच, बसवावं लागतं. दमवणारं काम आहे. पण दुसरा मार्ग मला दिसत नाही.

2018च्या मे महिन्यात कन्झ्युमर रिपोर्ट्स या अमेरिकी ग्राहक-संस्थेच्या चाचणीत टेस्ला मॉडेल 3ला ताशी 60 मैलांवरून थांबायला 152 फूट लागले. काही दिवसांत कंपनीने इंटरनेटवरून नवं सॉफ्टवेअर धाडलं आणि अंतर आलं 133 फुटांवर. गाडी गॅरेजमध्ये न नेता 19 फूट वाचले! एखादं लेकरू रस्त्यात आलं, तर या 19 फुटांत त्याचा जीव असतो. आणि ज्या वाटेने हे फूट कमी झाले, त्याच वाटेने न तपासलेला बदल गेला तर ते वाढूही शकतात, एकाच रात्रीत, हजारो गाड्यांत.

[पहाट. बेंचच्या पडद्यावर हिरव्या ओळी, मधेच एक लाल.]

रात्रीत एक चाचणी नापास झाली आहे. वायर तुटली, पण पिवळा दिवा ठरल्यापेक्षा उशिरा लागला. नऊच्या बैठकीत कुणीतरी ती चिठ्ठी ‘झालं’च्या रकान्यातून काढून पुन्हा ‘चालू’मध्ये लावेल.