हिशेबाच्या सोळा दिवस आधी: कॅनडा क्योटो करारातून का बाहेर पडला?

नमस्कार. आधी दोन तारखा सांगते, दोन्ही २०१२ सालच्या: १५ डिसेंबर आणि ३१ डिसेंबर. क्योटो करार म्हणजे श्रीमंत देशांनी आपला कार्बन कमी करण्याचा १९९७ चा आंतरराष्ट्रीय करार. ३१ तारखेला त्याचा पहिला टप्पा संपत होता. कोणत्या देशानं किती कार्बन सोडला, याची वही त्या दिवशी बंद होणार होती. आणि कॅनडा करारातून अधिकृतपणे बाहेर पडला १५ तारखेला. अवघे सोळा दिवस आधी.

कराराचं सत्ताविसावं कलम सांगतं की बाहेर पडायचं तर लेखी कळवा, त्यानंतर एक वर्षानं सुटका. आता एक वर्ष मागे जा. डिसेंबर २०११. डर्बनची हवामान परिषद संपली आणि दुसऱ्याच दिवशी, १२ तारखेला, कॅनडाचे पर्यावरणमंत्री पीटर केंट यांनी जाहीर केलं, आम्ही निघालो. अजून महिनाभर थांबले असते, तर वही बंद होईपर्यंत आतच राहावं लागलं असतं.

कारण दिलं पैशाचं. करारात राहिलो तर १४ अब्ज डॉलर परदेशात जातील, म्हणजे दर कुटुंबामागे १,६०० डॉलर. हा आकडा ऐकून कुणालाही वाटेल, बरोबरच केलं की! पण हे १४ अब्ज आले कुठून, ते नीट बघा. बऱ्याच जणांना वाटतं हा दंड होता. क्योटोत पैशाचा दंड नव्हताच. लक्ष्य चुकलं तर जेवढं चुकलं त्याच्या १.३ पट पुढच्या टप्प्यात तुमच्या वाट्यातून कापायचे, आणि कार्बन क्रेडिट, म्हणजे ठराविक कार्बन सोडण्याचे हक्क, विकायची मुभा जायची. १४ अब्ज हा खर्च होता दुसऱ्या देशांची क्रेडिट विकत घेऊन खड्डा भरण्याचा.

आणि खड्डा केवढा? कॅनडानं कबूल केलं होतं १९९० च्या पातळीपेक्षा ६ टक्के खाली. २००९ मध्ये आकडा होता सुमारे १७ टक्के वर! इतकं एका वर्षात साचत नाही. पंतप्रधान ज्याँ क्रेतिएन यांच्या सरकारनं २००२ मध्ये कराराला मंजुरी दिली आणि पुढे नेटानं काही झालं नाही. २००६ मध्ये पंतप्रधान म्हणून आलेल्या स्टीफन हार्पर यांना तर हा करार मुळातच नको होता.

मधल्या काळात कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात काय चाललं होतं? फोर्ट मॅकमरेच्या आसपास जमिनीत वाळूला चिकटलेलं, डांबरासारखं घट्ट बिटुमेन आहे. वरच्या थरातलं खणून काढतात. एक पिंप तेलासाठी साधारण दोन टन वाळू उपसायची आणि गरम पाण्यानं धुवायची. बहुतेक साठा मात्र खोल आहे. तिथे जमिनीत वाफ सोडून ते पातळ करून वर खेचायचं, आणि ती वाफ तयार करायला नैसर्गिक वायू जाळायचा. म्हणजे ते तेल गाडीच्या टाकीत पोचायच्या आधीच त्याच्या नावावर कार्बन लागलेला असतो. या कामावर हजारो घरं चालतात, हेही तितकंच खरं. त्या माणसांची काळजी मला खोटी वाटत नाही.

केंट यांचा आणखी एक मुद्दा होता. अमेरिका आणि चीन बांधील नसताना आमच्यानं काय होणार? वजनदार मुद्दा आहे. फक्त तो नवा नव्हता. अमेरिकेनं २००१ मध्येच पाठ फिरवली होती, चीनवर कपातीचं बंधन पहिल्यापासून नव्हतं. हे सगळं डोळ्यांसमोर असताना कॅनडानं २००२ मध्ये शब्द दिला होता. त्यामुळे ते १४ अब्ज मला कराराची किंमत वाटत नाहीत, दहा वर्षं काम पुढे ढकलल्याची वाटतात.

मला सगळ्यात जास्त लागली ती गोष्ट वेगळीच आहे. राजकारणात येण्याआधी केंट टीव्ही पत्रकार होते. १९८४ मध्ये, क्योटोच्या तेरा वर्षं आधी, सीबीसी या कॅनडाच्या सार्वजनिक वाहिनीवर हरितगृह परिणामावरचा माहितीपट त्यांनीच केला होता. पृथ्वी तापतेय, हे तेव्हाच त्यांनी कॅमेऱ्यासमोर उभं राहून देशाला सांगितलं होतं.