जुनी गाडी, बोअरचं पाणी आणि गॅरेजची यादी

मंडळी, मार्च संपत आला. आता तुमच्या गाड्या सर्व्हिसिंगला जातील आणि येताना लांबलचक यादी घेऊन येतील: इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, अंडरबॉडी कोटिंग, शॉकॲब्सॉर्बर, जमलं तर क्लचसुद्धा. यादीची बेरीज बघून घरात वाद सुरू होतो, गाडी ठेवायची की काढायची. आज त्या यादीबद्दल बोलतो. पण जास्त वेळ इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याबद्दल बोलणार, कारण आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि जुन्या गाडीचं सगळ्यात महाग दुखणं तिथूनच सुरू होतं.

यादीतल्या प्रत्येक ओळीपुढं मी एकच प्रश्न लिहितो: हे बिघडलं तर सोबत आणखी काय घेऊन जाईल? दाराची काच हळू चढते, सायलेन्सर जरा वाजतो, ही एकट्याची दुखणी. थांबू द्या. ब्रेक आणि टायर माणसालाच घेऊन जातात, तिथं घासाघीस नको. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी शाबूत दिसली तरी रबराचं वय त्यावरून कळतं. टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्हचा ताळमेळ ठेवणारा पट्टा, तुटला तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो, म्हणून तो वेळेत बदलायचा. पण आधी आपल्या इंजिनाला बेल्ट आहे की चेन ते विचारा. जुन्या मारुती ८०० ला बेल्ट होता, नंतरच्या के-सिरीज इंजिनांना चेन आहे. आणि अंडरबॉडी कोटिंग, म्हणजे गाडीच्या पोटाला गंजाविरुद्ध दिलेला थर? रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत मी समजू शकतो. आपण पर्जन्यछायेत राहतो हो. वेळेवर ऑइल बदललेल्या इंजिनाला फ्लशची, म्हणजे आतून धुण्याचीही गरज नसते.

आता पाणी. नेहमीचा प्रश्न असा: सोलापुरात बर्फ पडत नाही, मग रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचं ते कूलंट कशाला? कूलंट गोठणं थांबवतं हे खरं, पण आपल्याला त्याच्या दुसऱ्या दोन गुणांशी काम आहे. एक म्हणजे उकळबिंदू. निम्मं कूलंट, निम्मं पाणी हे मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंशांना उकळतं. रेडिएटरच्या झाकणानं सुमारे एक बारचा दाब धरला की तेच सव्वाशेच्या पुढं जातं. दुसरा गुण गंज रोखण्याचा. कूलंटमधला मूळ द्रव, ग्लायकॉल, वर्षानुवर्षं टिकतो, गंज रोखणारी रसायनं मात्र संपत जातात. म्हणून कूलंटच्या टाकीत रंग छान दिसतो आणि आत ॲल्युमिनियम खाल्लं जात असतं. जुन्या पद्धतीचं कूलंट साधारण दोन वर्षांनी बदलायचं, सेंद्रिय आम्लांवर आधारलेलं पाचेक वर्षं चालतं. रंगावरून प्रकार ठरवू नका, रंग कंपनीच्या मर्जीचा असतो. गाडीच्या पुस्तकात काय लिहिलंय ते बघा आणि दोन प्रकार एकत्र ओतू नका.

आणि घरोघरी होतं ते म्हणजे पातळी खाली गेली की बोअरचं पाणी. नळाला रोज पाणी नाही, हाताशी बोअरच असते, कबूल. पण ज्या पाण्यानं बादलीला पांढरा थर धरतो, तेच पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांत फिरतं. क्षारांचा थर उष्णता बाहेर जाऊ देत नाही, क्लोराइड धातू कुरतडतं. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर एक बाटली डिकीत ठेवा. उलट काही जण नुसतंच कूलंट ओततात, जास्त थंड राहील म्हणून. तसं होत नाही. उष्णता वाहून न्यायला पाणीच जास्त चांगलं. काढलेलं कूलंट गटारीत किंवा अंगणात ओतू नका. ते गोडसर लागतं, कुत्री चाटतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात.

गाडी गरम मारायला लागली की मिस्त्री म्हणतो, "साहेब, व्हॉल्व्ह काढून टाकू, आपल्याकडं कशाला पाहिजे?" हा थर्मोस्टॅट. साधारण ८२ ते ८८ अंशांना तो उघडतो, तोवर बंद राहून पाणी रेडिएटरकडं जाऊ देत नाही, म्हणून इंजिन लवकर कामाच्या तापमानावर येतं. काढलात तर इंजिन बराच वेळ गार चालतं, पेट्रोल जास्त खातं, झीज वाढते, आणि गरम होण्याचं मूळ कारण आत तसंच राहतं. अडकला असेल तर नवा बसवा.

मूळ कारण बहुतेकदा स्वस्त असतं. झाकणाची स्प्रिंग ढिली झाली की तुळजापूरचा घाट चढताना पाणी बाहेर येतं. होज पाइप गार असताना दाबून बघा. पिचपिचीत लागला, क्लिपजवळ फुगला, भेगा दिसल्या तर बदला. एसी लावल्यावर रेडिएटरचा पंखा फिरतो का बघा. रेडिएटरच्या पुढं धूळ, पाचट, किडे अडकतात. ते पाण्याच्या हलक्या धारेनं आतून बाहेर काढायचे, जोराच्या फवाऱ्यानं पत्र्या वाकतात. आणि तापमानाच्या काट्यावर फार विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत तो मधल्या पट्ट्यात मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो, वर सरकतो तेव्हा उशीर झालेला असतो. वर गेलाच तर गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, आणि गरम झाकणाला हात लावू नका.

"हेड खोलावं लागेल" हे वाक्य ऐकलं की आधी पुरावा मागा. हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, आणि त्याच्या खालची सील म्हणजे हेड गॅस्केट. जमिनीवर थेंब नाही तरी पाणी कमी होतंय का? धूर पांढरा आणि गोडसर वासाचा आहे का? इंजिन चालू असताना टाकीत सतत बुडबुडे येतात का? ऑइलच्या झाकणाखाली थोडी पांढरट साय दिसली, एवढ्यावरून हेड गॅस्केट गेलं असं ठरत नाही. गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच फिरत असेल तर ती साधी वाफ असते. प्रेशर टेस्ट करायला सांगा, गळती समोर दाखवा म्हणा. हेड थोडंच वाकलं असेल तर ते मशीनवर घासून सपाट करून बसवता येतं. पण होकार देण्याआधी आरसी बघा. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढं तपासणी करून ती ५ वर्षांसाठी वाढवून मिळते. तारीख सहा महिन्यांवर असेल तर तपासणीत अडेल असं आणखी काय निघतंय ते आधी काढून घ्या, आणि हेडचा खर्च त्या सगळ्या बेरजेत धरा.